वापरलेल्या लेगोचा रास्त भाव

वापरलेले लेगो, म्हणजे एकमेकांवर बसणारे प्लास्टिकचे खेळण्यातले ठोकळे, विकत घ्यायचे ठरवल्यावर पहिली अडचण आली ती ही, की या वस्तूला जुनेपणाचा नेहमीचा हिशेब लागू पडत नाही. सायकल वापरली की झिजते आणि त्या मानाने तिची किंमत उतरते. लेगोचे तसे नाही. वर उंचवटे आणि आत पोकळ नळ्या या आजच्या रचनेच्या पेटंटसाठी डेन्मार्कमधील बिलुंडच्या लेगो कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला आणि तेव्हाच्या ठोकळ्यांवर आजचा ठोकळा बसतो. १९६३ पासून एबीएस हे टणक प्लास्टिक वापरात आल्यामुळे त्यांचा आकारही बिघडत नाही. म्हणून एखाद्या मुलाने दहा वर्षे खेळून डब्यात भरून ठेवलेला ठोकळा नव्याइतकाच कामाचा असू शकतो, तर न खेळता खिडकीत उन्हात राहिलेला ठोकळा पिवळा पडून उतरलेला असतो. विकणारे या गोंधळातून आपापल्या परीने वाट काढतात. कोणी अडगळ जाते म्हणून भंगाराच्या भावात देऊन टाकतो, कोणी तेच सोन्याच्या भावात काढतो. मला माझ्या मुलीसाठी भरपूर ठोकळे हवे होते आणि त्यांचे पैसे अशा रीतीने द्यायचे होते, की विकणाऱ्याला पुढेमागे खरी किंमत कळली तरी आपण फसवले गेलो असे वाटू नये.

त्यासाठी आधी खरी किंमत मला स्वतःला कळायला हवी होती. जाहिराती वाचून ती कळत नाही, कारण जाहिरातीत मागितलेली किंमत असते, मिळालेली नसते. शिवाय जास्त मागणाऱ्याचा माल विकला जात नाही, त्यामुळे त्याचीच जाहिरात सर्वांत जास्त काळ दिसत राहते आणि नवा विकणारा तीच पाहून आपला आकडा ठरवतो. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी मला ब्रिकलिंक या बाजारपेठेचा उपयोग झाला. डॅन जेझेक यांनी २००० मध्ये ती सुरू केली आणि २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच ती विकत घेतली. तेथे प्रत्येक सेट (म्हणजे एखादी ठराविक वस्तू बांधायच्या तुकड्यांचा खोका), प्रत्येक बाहुली, इतकेच काय प्रत्येक तुकडा प्रत्येक रंगात गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष कितीला विकला गेला, याची सरासरी नव्यासाठी वेगळी आणि वापरलेल्यासाठी वेगळी पाहायला मिळते. शेजारीच सध्या मागितल्या जाणाऱ्या किमतीही असतात. दोन्ही रकाने एकत्र पाहिले की विकणाऱ्यांची आशा आणि घेणाऱ्यांची तयारी यांतले अंतर लगेच कळते, आणि ते बरेचदा चांगलेच मोठे असते.

एक गैरसमज मात्र आकडे दाखवूनही जात नाही. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातील सेटच्या पुनर्विक्रीचा अभ्यास करून त्यांवर वर्षाला सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास परतावा मिळाल्याचे मांडले होते. ही बातमी इतकी पसरली, की घरात लेगोचा डबा आहे म्हणजे ठेव आहे असे अनेकांना वाटू लागले. पण तो अभ्यास न उघडलेल्या, खोक्यातल्या सेटचा होता. खोके फुटले, बांधणीची पुस्तिका हरवली आणि चार सेटचे तुकडे एका डब्यात मिसळले, की त्या परताव्याशी त्या डब्याचा संबंध उरत नाही. हे मी विकणाऱ्यांना सांगत गेले. काहींना पटले, काहींना नाही.

हिशेबाची माझी पद्धत सोपी होती. बाजारात नव्याने मिळणारा, चित्रपटाशी वगैरे संबंध नसलेला, साध्या ठोकळ्यांचा सेट घ्यायचा आणि त्याच्या किमतीला तुकड्यांच्या संख्येने भागायचे. एका नव्या तुकड्यामागे जो दर येतो तो आपला पाया. स्वच्छ, अस्सल आणि फारशी भेसळ नसलेल्या सुट्या ठोकळ्यांना मी या दराच्या एक तृतीयांश द्यायला तयार होते आणि न धुतलेल्या, न निवडलेल्या मिश्र मालाला एक चतुर्थांश. ही प्रमाणे माझी आहेत, पण हवेतून काढलेली नाहीत. सुट्या मालाचे जे सौदे मी पाहिले ते बहुतेक याच पट्ट्यात बसत होते. ओळखू येणारे सेट आणि बाहुल्या यांची किंमत मात्र वेगळी काढायची, कारण त्यांना वजनात मोजणे हा विकणाऱ्यावर अन्याय असतो. याउलट सेटमधला एकेक तुकडा सुटा विकला तर किती पैसे येतील, याची बेरीज दाखवून तीच किंमत मागणारेही भेटले, आणि ती बेरीज मला मान्य नव्हती. शेकडो तुकडे मोजायचे, रंगवार लावायचे, प्रत्येकाची नोंद करायची आणि गिऱ्हाईक येईपर्यंत महिनोन्महिने सांभाळायचे, ही सारी मेहनत त्या बेरजेत दडलेली असते आणि विकणाऱ्याने ती केलेली नसते.

सुरुवातीचे काही सौदे मी सोडून दिले. एका ठिकाणी डब्याची छायाचित्रे वरून काढलेली होती आणि तळाचे छायाचित्र मागितल्यावर उत्तरच आले नाही. तळाचा आग्रह धरण्याला कारण आहे. डबा हलत राहिला की बारीक तुकडे मोठ्यांमधल्या फटींतून खाली सरकतात आणि मोठे ठोकळे, चाके, पाट्या (चपटे तुकडे) वर येतात. म्हणून वरच्या थरावरून डब्यात काय आहे हे कधीच समजत नाही, आणि तुटकी टोके, मणी, पेन्सिलचे तुकडे, धूळ हे सारे नेमके खाली असते. दुसऱ्या एका ठिकाणी माल उत्तम होता, पण त्याला सिगारेटच्या धुराचा वास इतका मुरलेला होता की मी भावाचा विषयच काढला नाही.

शेवटी जो सौदा झाला तो एका काकूंकडे. त्यांचा मुलगा शिकून नोकरीला लागलेला, घर आवरायला काढलेले आणि झाकणाचे दोन मोठे डबे. त्यांनी दोन्ही डब्यांची मिळून एक रक्कम आधीच सांगितली होती. माझ्या मोजमापात मांडायचे तर दोन हजार नव्या तुकड्यांना जेवढे पैसे पडतील, तेवढी. मी आधी वजन करू का, असे विचारले. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा मी बरोबर नेला होता. डब्यांचे वजन वजा करून साधारण दहा किलो माल भरला.

मग जमिनीवर चादर अंथरून डब्यांच्या तळातून, मधून आणि वरून ओंजळभर माल काढला आणि तो तपासला. या कामात घाई करण्यासारखी दुसरी चूक नाही. अस्सल तुकडा ओळखायची पहिली खूण म्हणजे प्रत्येक उंचवट्यावर कोरलेले लेगोचे नाव. अगदी लहान तुकड्यावरही, उजेडात तिरका धरला की, ते वाचता येते. तुकडा उलटा केला की आत साच्याचा क्रमांकही बहुधा सापडतो. दोन बाय चार उंचवट्यांच्या नेहमीच्या ठोकळ्यावर ३००१, दोन बाय दोनवर ३००३. हा क्रमांक पुढे फार उपयोगी पडतो, कारण एखादा वेगळाच दिसणारा तुकडा कोणत्या सेटमधला आहे हे त्यावरून शोधता येते. उंचवट्यावर नाव नसलेले तुकडे मी वेगळे काढले. ते नकली किंवा बेकायदेशीरच असतात असे मुळीच नाही. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने उंचवट्यांच्या रचनेवरचा लेगोचा ट्रेडमार्कचा दावा फेटाळला आणि २०१० मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानेही ठोकळ्याच्या आकाराला ट्रेडमार्क म्हणून संरक्षण नाकारले. इतर कंपन्यांनी असे ठोकळे बनवण्यात गैर काही नाही. पण त्यांची पकड सारखी नसते, कुठे घट्ट बसून निघत नाहीत तर कुठे आपोआप सुटतात, आणि भाव तर अगदीच कमी असतो. म्हणून ते वजनातून वगळायलाच हवेत.

पकड पाहण्यासाठी मी दोन ठोकळे एकमेकांवर दाबून वरचा उचलत होते. खालचा त्याबरोबर उचलला गेला आणि बोटांनी ओढल्यावर किंचित आवाज करत सुटला, तर तो चांगला. उंचवट्यांच्या कडांवर दातांचे ठसे, बाजूला केसाएवढी बारीक भेग, पांढऱ्या आणि करड्या तुकड्यांवर पिवळेपणा, हे पाहत गेले. तांबूस तपकिरी रंगाच्या तुकड्यांकडे मी मुद्दाम वेगळे लक्ष दिले. काही वर्षांच्या उत्पादनातले या रंगाचे आणि गडद लाल रंगाचे तुकडे ठिसूळ निघाले आहेत. वर्षानुवर्षे जोडलेले असले तर सोडवताना कडकन तुटतात. चिमटे असलेल्या छोट्या तुकड्यांत हे सर्वांत आधी दिसते. नमुन्यातले असे दोन तुकडे माझ्याच हातात तुटले आणि काकूंच्या देखत ते तुटले हे बरेच झाले, कारण वजनातून थोडी घट का धरायची हे मला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

तीनशे ग्रॅमच्या नमुन्यात पन्नास ग्रॅम माल दुसऱ्या कंपन्यांचा निघाला, म्हणजे एक षष्ठांश. उरलेल्या अडीचशे ग्रॅममध्ये एकशे नव्वदच्या आसपास तुकडे होते. दोन बाय चारचा एक ठोकळा सव्वादोन ग्रॅमच्या थोडा वर भरतो, म्हणजे सगळे तसेच असते तर किलोत सव्वाचारशेच्या आसपास बसले असते. येथे किलोला साडेसातशेच्या वर येत होते, याचा अर्थ माल बारीक आणि विविध होता. बांधणाऱ्याच्या दृष्टीने हे चांगलेच. दहा किलोतून परका माल आणि मोडतोड वजा केल्यावर सहा हजार कामाचे तुकडे धरायला हरकत नव्हती. न निवडलेला माल म्हणून एक चतुर्थांश, म्हणजे पंधराशे नव्या तुकड्यांची किंमत.

येथेच थांबले असते तर काकूंची रक्कम जास्त आहे असे म्हणून मला घासाघीस करता आली असती, आणि नुसत्या ठोकळ्यांपुरते ते खोटेही ठरले नसते. पण दुसऱ्या डब्यात एका पिशवीत चाळीसएक बाहुल्या होत्या. लेगोची ही हातपाय हलणारी छोटी बाहुली १९७८ पासूनची, आणि चित्रपटांवरचे सेट १९९९ पासून निघू लागल्यावर त्यांतल्या काही बाहुल्यांना ठोकळ्यांपेक्षाही अधिक मागणी आली. पिशवीतल्या बहुतेक साध्या होत्या. धडाच्या कडेला भेगा गेलेल्या, पंजे सैल झालेल्या. चार मात्र तशा नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची आणि छातीवरची छपाई शाबूत होती, शिरस्त्राणे जागेवर होती आणि एकीचा कापडी अंगरखाही होता, जो सहसा सर्वांत आधी हरवतो. डोके काढून मानेच्या खुंटीवरचे नाव मी तपासले आणि मग त्या चौघींची ब्रिकलिंकवरची वापरलेल्याची सरासरी काढून काकूंना दाखवली. ती बेरीज साऱ्या सुट्या मालाच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश होत होती.

“म्हणजे या चार बाहुल्यांचे एवढे? मग किलोच्या भावात या धरायच्या का नाही?” काकूंनी विचारले.

“नाही काकू, या वेगळ्या. आणि या डब्यातला हा किल्ल्याचा सेटही वेगळा धरायला हवा.”

किल्ल्याची पुस्तिका डब्याच्या कडेला घडी पडून बसलेली होती आणि मुखपृष्ठावरचा क्रमांक वाचता येत होता. त्यावरून तुकड्यांची यादी मिळाली. भिंतींच्या मोठ्या पाट्या, दरवाजा, साखळी आणि छापील ढाली असे दुसरीकडे सहज न सापडणारे तुकडे आधी शोधले, कारण सेटची किंमत साध्या ठोकळ्यांवर अवलंबून नसते. ते कुठूनही भरून काढता येतात. छापील तुकड्यांतला एकच दिसत नव्हता. पूर्ण वापरलेल्या सेटची सरासरी घेऊन मी त्यातून न सापडलेल्या तुकड्यांची किंमत, ते मागवण्याचा टपालखर्च आणि निवडण्याच्या कामाचा काही भाग वजा केला. ही वजाबाकी कागदावर त्यांच्यासमोर केली. बाहुल्यांच्या बाबतीतही सरासरीची पूर्ण रक्कम मी दिली नाही आणि का देत नाही तेही सांगितले: ती सरासरी सुटे सुटे विकून, पाठवणी करून, बाजारपेठेचे कमिशन भरून मिळणारी असते. सगळे एकरकमी उचलणाऱ्याने त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास द्यावे, हे मला दोन्ही बाजूंना न्याय्य वाटते. त्यांना वेळ असेल आणि ही खटपट करायची असेल, तर त्या चार बाहुल्या स्वतःच विकाव्यात, असेही मी सुचवले.

काकूंनी मुलाला फोन लावला. त्याने अंगरख्याची बाहुली ठेवून घ्यायला सांगितले आणि बाकीचे देऊन टाक म्हणाला. “अगं, खटपट कोण करतंय, तूच घेऊन जा सगळं,” असे म्हणून त्यांनी ती एक बाहुली काढून कपाटात ठेवली. उरलेल्याची बेरीज त्यांच्या मूळ रकमेपेक्षा थोडीशी वर गेली. त्या वरचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. मी कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला आणि दिले. आकडा दोन्ही वेळा जवळपास तोच असला तरी त्यांचा आकडा अंदाजाचा होता आणि नंतरचा मोजलेला, म्हणून कोणाच्या मनात किंतु राहिला नाही.

घरी आल्यावरचे काम खरेदीपेक्षा मोठे होते आणि भाव ठरवताना ते लक्षात घ्यायलाच हवे. स्टिकर लावलेले, कापडी आणि विजेचे भाग आधी बाजूला काढले. बॅटरीच्या डब्यातले पत्रे हिरवे पडलेले होते, तो डबा बाद केला. बाकीचा माल जाळीच्या पिशवीत भरून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुतला. पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नाही, हे कंपनीही सांगते. उकळत्या पाण्यात किंवा कपडे वाळवायच्या यंत्रात ठोकळे वाकतात आणि मग पकड कायमची जाते. वाळत घालताना उंचवटे वर ठेवले की पोकळ बाजूने पाणी निथळते. पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या तुकड्यांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पातळ द्रावणात बुडवून उन्हात ठेवायचा उपाय मी हातमोजे घालून आणि मुलीला दूर ठेवून केला. बरेच तुकडे उजळले, पण सारखे उजळले नाहीत, आणि काही काळाने पिवळेपणा परतू शकतो. म्हणून पिवळ्या मालाचा भाव “धुतल्यावर निघेल” या भरवशावर वाढवू नये.

एक काळजी मी जुन्या रंगांची घेतली. प्लिमथ विद्यापीठाचे अँड्र्यू टर्नर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत वापरलेल्या प्लास्टिकच्या खेळण्यांत, विशेषतः पिवळ्या, लाल आणि काळ्या रंगांच्या वस्तूंत, कॅडमियम आणि शिसे यांसारखे घटक आढळले होते. माझ्या मालातला बहुतेक भाग अलीकडचा होता, तरी कोणाकडून तरी वारशाने आलेले वाटावेत असे जुने लाल-पिवळे ठोकळे वेगळ्या डब्यात ठेवले. तोंडात वस्तू घालायच्या वयाच्या मुलांच्या हाती ते देणार नाही.

निवडताना मी रंगाऐवजी आकाराप्रमाणे लावले. सगळे लाल एकत्र केले की त्या ढिगात हवा तो लाल चिमटा सापडत नाही, पण सगळे चिमटे एकत्र असले की त्यातला लाल नजरेला लगेच दिसतो. मुलीने चाके आणि खिडक्या निवडल्या, आणि तिच्या बारीक बोटांना एक बाय एकच्या पाट्या माझ्यापेक्षा जलद सापडत होत्या. नमुन्यावरून काढलेला अंदाज बऱ्यापैकी जुळला; परका माल धरल्यापेक्षा किंचित कमी निघाला, मोडके तुकडे थोडे जास्त.

करड्या रंगाने मात्र बराच वेळ घेतला. २००४ च्या सुमारास कंपनीने दोन्ही करड्या छटा बदलल्या. जुनी किंचित पिवळसर, नवी निळसर. दिव्याखाली दोन्ही सारख्याच दिसतात आणि दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांत भरतो. किल्ला जुन्या छटेचा होता, म्हणून ढिगातल्या नव्या छटेच्या पाट्या आकाराने बसत असल्या तरी त्या भिंतींत चालल्या नसत्या. उणे पडलेले तुकडे मी यादी करून मागवले, आणि तेव्हाही एकेक तुकडा जिथे स्वस्त तिथून घेण्याऐवजी यादीतले सर्वांत जास्त तुकडे ज्याच्याकडे एकत्र मिळतात असा एक विक्रेता निवडला; अन्यथा टपालखर्चच तुकड्यांच्या वर जातो. छापील ढाल त्याच्याकडे नव्हती. ती सुटी मागवली तर टपालासकट इतर सगळ्या उणे तुकड्यांइतकी पडते, म्हणून सध्या किल्ला एका ढालीशिवायच उभा केला आहे आणि पुढच्या मागणीच्या यादीत तिचे नाव सर्वांत वर लिहिले आहे.